इस्त्री केलेली पुस्तकं

त्या घरात सरकार आणि विरोधी पक्ष एकाच बेसिनवर दात घासत. सरकार म्हणजे ताई. ती बालकल्याण मंत्रीबाईंची भाषणं लिहायची. विरोधी पक्ष म्हणजे तिचा धाकटा भाऊ टिल्लू. तो विरोधी पक्षनेत्यांची भाषणं लिहायचा. टिल्लू हे नाव त्याला पाळण्यात पडलं होतं. आता तो दारातून आत येताना मान वाकवायचा, पण नाव बिचारं तेवढंच राहिलं. संसाराच्या भानगडीत दोघंही पडले नव्हते, त्यामुळे घरात तिसरं माणूस एकच, ते म्हणजे आई. जन्मभर एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करून आई निवृत्त झाली होती, आणि त्या निवृत्तीचा तिला इतका आनंद होता की घरातली इस्त्री तिने उंच फळीवर बसवून ठेवली होती. "बस आता तिथंच," असं ती अधूनमधून इस्त्रीला म्हणायची. मुलं चुरगळलेले कपडे घालून राज्य चालवायला जात.

घरात एकच कडक कायदा होता: ऑफिसचं ऑफिसात. ताई स्वयंपाकघरात दार लावून लिहायची, टिल्लू बाहेरच्या खोलीत खिडकीशी. कुणी पाणी प्यायला उठलं की दुसऱ्याने कागद पालथे करायचे. मंत्रीबाईंच्या सचिवांनी एकदा ताईला खोदून खोदून विचारलं, की जेवताना तरी भाऊ काही बोलत असेलच ना? ताईने कानांवर हात ठेवले. जेवताना भाऊ फक्त 'वाढ' आणि 'पुरे' एवढंच बोलतो, असं तिने शपथेवर सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं.

भाषणं लिहिणाऱ्यांच्या धंद्यात एक नियम आहे. भाषणात माणूस पाहिजे. आकडे कितीही टाका, योजना कितीही मांडा, ऐकणारे जांभया देतात. मग मध्येच म्हणायचं, 'मी एका बाईला ओळखतो,' आणि सगळे सरसावून बसतात. ताईच्या खात्यात कुणी मसुदा दिला की पहिला प्रश्न यायचा, "यात माणूस कुठाय?" टिल्लूच्या पक्षातही हाच प्रश्न विचारत. माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजूंचं एकमत होतं. एकमत होतं ते तेवढ्यापुरतंच.

त्या अधिवेशनात बालभत्ता विधेयक आलं. ज्या घरांचं हातावर पोट आहे, तिथल्या प्रत्येक मुलामागे दर महिन्याला सरकारने आईच्या हातात रोख रक्कम द्यायची, असं ते विधेयक. ताई त्यासाठी कित्येक महिने राबली होती. कलमं वकिलांनी लिहिली, पण ती कलमं लोकांना समजतील अशा भाषेत आणण्याचं काम तिचं, आणि ते करताना ती त्या विधेयकाच्या प्रेमातच पडली होती. खात्याच्या इमारतीत लिफ्ट चालवणारी बाई रोज सकाळी तिला विचारायची, "झालं का हो आमचं?" लिफ्टवालीला तीन पोरं. ताई रोज म्हणायची, "होतंय, होतंय." अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडला तरी ते होतच होतं. आज मतदान झालं नाही तर पुढे निवडणुका, आणि मग विधेयकाचा पार बोऱ्या वाजणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

भाषणातला माणूस ताईला शोधावा लागला नाही. तिच्या लहानपणी घरात नवी पुस्तकं कधी आली नाहीत. वरच्या वर्गातल्या मुलांची वापरून टाकलेली पुस्तकं आई कुठूनतरी मिळवायची. कोपरे दुमडलेले, पानं चोळामोळा झालेली. मग ती लाँड्रीत नेऊन एकेका पानावर कोमट इस्त्री फिरवायची. शाळा सुटली की ताई आणि टिल्लू लाँड्रीतच इस्त्रीच्या टेबलाखाली बसत, कारण तिथं ऊब असे. तिथून वर पाहिलं की आईची खाली वाकलेली मान दिसायची आणि तिचे ओठ थरथरताना दिसायचे. ताईने ते जन्मभर मनात जपून ठेवलं होतं. बिचारी आई, असं तिला वाटायचं.

तिने ते लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे टिल्लू घरात नाही असं बघून आईला वाचून दाखवलं. भाषण कानाला कसं लागतं हे कळायला राजकारणाशी घेणंदेणं नसलेलं माणूस लागतं, आणि आईला दोन्ही पक्षांची चिन्हंसुद्धा धड आठवत नसत. आई उन्हात पाय पसरून बसली होती.

"छान लिहिलंयस," आई म्हणाली. "पण हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

"अगं, ऐकल्यासारखं काय! तुझंच तर आहे ते."

"हो, तेही खरंच," असं म्हणून आईने तोंडावर हात धरला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

"आणि टिल्लूला यातलं एक अक्षर कळता कामा नये."

"नाही गं कळणार. माझ्या पोटात राहील."

दुसऱ्या दिवशी मसुदा मंत्रीबाईंकडून परत आला. समासात लाल शेरा होता: माणूस चांगला आहे, पण कोरडा आहे. ताईने उसासा टाकला आणि आईच्या डोळ्यांत पाणी घातलं. ते पाणी तापल्या इस्त्रीवर पडून चर्र असा आवाज होतो, इथपर्यंत ती गेली. एकदा ओलं करायचं म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? मंत्रीबाई खूश झाल्या. घाईत हा भाग आईला वाचून दाखवायचा राहून गेला.

सभागृह त्या शेवटच्या दिवशी खच्चून भरलं होतं. अधिकाऱ्यांसाठी काचेमागे बाक असतात, तिथं ताई बसली. समोरच्या बाजूला तशाच काचेमागे टिल्लू गुडघे दुमडून बसला होता. दोघांनी एकमेकांकडे अजिबात पाहिलं नाही. मंत्रीबाई उठल्या आणि सुरेख बोलल्या. त्या लाँड्रीतल्या आईपाशी आल्या तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "तिच्या डोळ्यांतला थेंब इस्त्रीवर पडला आणि चर्र झालं," मंत्रीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "त्या आईच्या हातात त्या दिवशी चार पैसे असते, तर तिने आपल्या लेकरांना काय घेऊन दिलं असतं, हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही."

त्या शांततेत वरच्या प्रेक्षक गॅलरीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मार्शलने वर बघून डोळे वटारले. ताईच्या लक्षात ते नीट आलं नाही. मागच्या बाकावरचे दोन आमदार नाक पुसत होते आणि ती तेच डोळे भरून बघत होती.

मग विरोधी पक्षनेते उठले. वयाने ताईहून थोडेसे मोठे, चांगल्या घरातले, बोलण्यात तलवार. त्यांचं म्हणणं असं की रोख रक्कम म्हणजे बर्फ, हातात घेतला की वितळला. घरमालकाला कळलं की भाडं वाढतं, दुकानदाराला कळलं की उधारी वसूल होते, आणि पोर राहतं जिथल्या तिथं. त्यापेक्षा शाळेतच वस्तू द्या. जेवण द्या, गरम कपडे द्या, पुस्तकं द्या. जे पोराच्या हातात पडेल ते पोराचं. मुद्दा चांगला होता. ताईला मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटली. हे वाक्य टिल्लूचंच, हेही तिने ओळखलं.

"अध्यक्ष महाराज," नेते म्हणाले, "मी एका आईला ओळखतो. ती लाँड्रीत इस्त्री करायची."

ताईने झटकन पलीकडच्या काचेकडे पाहिलं.

"ती जुनी पुस्तकं आणायची, आणि एकेका पानावर इस्त्री फिरवायची. शरमेने तिची मान खाली गेलेली असायची—"

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. सत्ताधारी बाक उठून उभे राहिले. "आमची बाई चोरली!" कुणीतरी ओरडलं. "तुमची कसली, आमची बाई तुम्ही चोरलीत!" पलीकडून उत्तर आलं. "बाई आहे तरी का? खोटारडे!" हे दोन्हीकडून एकदमच आलं. आणि या सगळ्या गदारोळावर कडी म्हणजे वरच्या गॅलरीत दोन बायका पोट धरधरून हसत होत्या. अध्यक्षांनी हातोडा आपटून आपटून शेवटी कामकाज तहकूब केलं. दोन्ही बाजूंनी दालनात येऊन ही बाई कोण ते सांगावं. ती खोटी निघाली तर मंत्रीबाईंना माफी मागावी लागेल आणि विधेयक आज मतदानाला येणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

ताई आणि टिल्लू अध्यक्षांच्या दालनाकडे जाणाऱ्या जिन्यावर समोरासमोर आले. घरचा कायदा तिथल्या तिथं मोडला.

"तू माझी गोष्ट चोरलीस!"

"तुझी? आई काय तुझ्या एकटीची आहे?"

"माझे कागद बघितलेस तू."

"पालथे होते!"

"मग तुला सुचलं कसं?"

"सुचायला काय झालं? मीही त्याच टेबलाखाली बसायचो. तुझ्या शेजारी! तू पाय पसरायचीस आणि मी टेबलाच्या पायाला चिकटून बसायचो." टिल्लूचा आवाज चढला. "आईला विचार हवं तर. मी तिला वाचूनसुद्धा दाखवलं होतं."

"तू दाखवलंस? मी दाखवलं होतं!"

"मग तिने मला सांगितलं कसं नाही?"

"मीच म्हटलं होतं, टिल्लूला सांगू नकोस."

टिल्लू मटकन पायरीवर बसला. "मी पण म्हटलं होतं, ताईला सांगू नकोस."

आईच्या पोटात दोन्ही पक्षांची गुपितं शेजारी शेजारी सुखाने नांदत होती, आणि तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. ताईला एकदम हसू फुटणार होतं, पण तेवढ्यात विधेयक आठवलं आणि हसू घशातच राहिलं. आजचा दिवस गेला तर सगळंच गेलं. उद्या लिफ्टमध्ये चढायचं कोणत्या तोंडाने? तिचे डोळे भरून आले, आणि टिल्लूने ते पाहिलं. त्याला ताईचं रडणं कधीच बघवत नसे. तो खिसे चाचपत रुमाल शोधू लागला, आणि तेवढ्यात मार्शल जिना उतरून आला. त्याच्यामागे दोन म्हाताऱ्या होत्या, हसून हसून लाल झालेल्या.

"या दोघी तुमच्या कुणी लागतात का?" मार्शलने विचारलं. "गॅलरीत गोंधळ घालत होत्या. एकीचा पास सत्ताधाऱ्यांकडून, दुसरीचा विरोधकांकडून. आणि दोन्ही पासांवर नाव एकच!"

"आई!" दोघं एकदम म्हणाले.

"दोघांनीही पास दिलात ना," आई म्हणाली. "एक वाया कशाला घालवायचा? म्हणून हिला घेऊन आले." बरोबरची म्हणजे कांजीमावशी. लाँड्रीत आईच्या शेजारच्या टेबलावर कपड्यांना कांजी करायची, म्हणून तिला सगळे कांजीमावशीच म्हणत.

"आणि हसत काय होतात?" टिल्लूने विचारलं.

"अरे, चर्र!" कांजीमावशी म्हणाली, आणि पुन्हा कठडा धरून हसायला लागली.

अध्यक्षांचं दालन मोठं होतं, पण त्या दिवशी कमी पडलं. अध्यक्ष टेबलामागे, स्वभावाने शाळामास्तर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला मंत्रीबाई, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षनेते, दोघांचेही चेहरे आंबलेले. मधोमध दोन खुर्च्यांवर दोन म्हाताऱ्या, पुढ्यात चहा आणि बिस्किटं. भिंतीशी ताई आणि टिल्लू, चोरी पकडलेल्या पोरांसारखे.

"तर ती आई तुम्ही," अध्यक्ष म्हणाले.

"मीच. दोन्हीकडची मीच."

"पुस्तकांना इस्त्री करत होतात?"

"करत होते की."

"आणि रडत होतात, की मान शरमेने खाली गेली होती? एक बाजू एक सांगते, दुसरी दुसरं."

आईने बिस्किट चहात बुडवलं. "रडतेय कशाला? मी वाचत होते."

अध्यक्षांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला.

"माझी शाळा लहानपणीच सुटली," आई सांगू लागली. "वाचायची हौस भारी. पण लाँड्रीत मुकादम मोठा खडूस. बाई नुसती बसलेली दिसली की अंगावर यायचा. मग मी युक्ती काढली. पुस्तक टेबलावर ठेवायचं आणि त्याच्यावर इस्त्री फिरवायची. मान खाली, हात चालू. लांबून बघणाऱ्याला काय, बाई कामात आहे! पानं सपाट व्हायची हा वरचा फायदा."

"मोठ्याने वाचायची हो," कांजीमावशी म्हणाली. "म्हणजे पुटपुटत. आमची सगळी रांग कान देऊन ऐकायची. मुकादम आला की मी कांजीचं घमेलं वाजवायची, की ही पुस्तकावर चादर ओढायची. काय दिवस होते!"

ताई आईकडे बघत राहिली. टेबलाखालून दिसणारे ते थरथरते ओठ! जन्मभर जिची तिने कीव केली ती बाई खुशाल गोष्टी वाचत होती, मुकादमाच्या नाकावर टिच्चून. ताईच्या छातीवरून कितीतरी वर्षांचं काहीतरी ओझं उतरलं. लहानपणीच्या त्या उबदार टेबलाखाली कुणी दुःखी नव्हतंच! तिला इतका आनंद झाला की टिल्लूचा हात तिने करकचून दाबला. टिल्लूचीही तीच गत होती.

"मग तुम्हाला काहीच त्रास नव्हता म्हणा ना," नेते जरा खट्टू होऊन म्हणाले.

"होता की! एक होता, अजून आहे." आईने कप खाली ठेवला. तिचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "गाढवाचा."

"गाढवाचा?"

"वाचनमालेत गोष्ट होती. कुंभारणीचं गाढव. नदीला पूर येतो आणि गाढव एका तराफ्यावर चढून वाहून जातं. कुंभारीण काठाकाठाने पळते, हाका मारते. गाढव आपलं ऐटीत उभं. गावं येतात, पूल येतात. वाहता वाहता समुद्र दिसायला लागतो, आणि कुंभारणीला एकदम काय सुचतं, तर ती..." आई थांबली. "पुढची पानं नव्हती. जुनं पुस्तक ना. शेवटची पानं कुणीतरी फाडलेली."

"आमच्या रांगेत दोन तट पडले," कांजीमावशी म्हणाली. "मी म्हणते गाढव समुद्रात गेलं. ही म्हणते परत आलं. आमची पैज आहे. हरेल तिने दुसरीचे कपडे जन्मभर इस्त्री करून द्यायचे. अजून निकाल नाही!"

"अहो, पण ते गाढव तर—" विरोधी पक्षनेते एकदम उत्साहाने पुढे सरकले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "ती कुंभारीण तिथं काय करते माहितीये का, ती—"

"थांबा!" आई खुर्चीतून उठलीच. "सांगू नका!"

"सांगा हो साहेब, सांगा!" कांजीमावशी ओरडली.

"एक शब्द बोलायचा नाही! इतकी वर्षं कळ काढली, ती काय दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला? मी वाचीन."

नेते तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. मग ताईने हळूच विचारलं, "साहेब, तुमच्या पुस्तकात शेवट होता?"

"म्हणजे काय? सगळ्यांच्याच पुस्तकात..." एवढं म्हणून ते थबकले. त्यांनी आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि आपला लेखनिक म्हणून इतकी वर्षं शेजारी बसवलेल्या टिल्लूकडे पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच. "माझं नवं होतं," ते म्हणाले. "माझं दर वर्षी नवंच असायचं. कुणाचं नसतं, हे मला... मी भाषणं करतो हो त्याच्यावर. पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं."

तलवारीसारखी जीभ असलेल्या त्या माणसाबद्दल ताईला पहिल्यांदाच माया वाटली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. मंत्रीबाईंनी आपला कप नेत्यांच्या पुढे सरकवला. नेत्यांना चहा कुणी विचारलाच नव्हता.

"बरं," अध्यक्ष म्हणाले. "आता विधेयकाचं काय करायचं? मंत्रीबाई म्हणतात पैसे, नेते म्हणतात वस्तू. बाई, तुम्ही काय घेतलं असतं?"

"दोन्ही," आई म्हणाली. "विचारताय कसलं!"

"तिजोरीला दोन्ही झेपणार नाही," मंत्रीबाई कळवळून म्हणाल्या.

"ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्याकडे ग्रंथालय आहे का हो इथं?"

शिपाई आई आणि कांजीमावशीला ग्रंथालयाकडे घेऊन गेला, आणि दालनात जे सुरू झालं ते ताई पुढे जन्मभर सांगत राहिली. इतकी वर्षं एका छपराखाली राहून जे भांडण त्या बहीणभावाने गिळून ठेवलं होतं, ते आपापल्या साहेबांच्या देखत एकदाचं बाहेर पडलं.

"तान्ह्या पोराला शाळेतलं जेवण कसं पोचणार?" ताई म्हणाली. "ते शाळेत जातच नाही! त्याला दूध लागतं, औषध लागतं, आणि कधी काय लागेल ते त्याच्या आईलाच कळतं. तिथं पैसाच पाहिजे."

"मान्य! पण शाळेत जाणाऱ्या पोराचं काय? पैसे दिलेस तर पुस्तक विकत घेणं सगळ्यात शेवटी येतं. आपल्याकडे कधी आलं? नाहीच आलं!"

"आणि वस्तू फक्त गरिबांना दिल्यास की वर्गात सगळ्यांना कळतं हा कोण ते. तुला आठवतं ना कसं वाटायचं?"

"मग सगळ्यांनाच देऊ! श्रीमंताच्या पोरालाही तेच पुस्तक, तेच ताट. मग लाज कुणाची कुणाला?"

"त्याला पैसा कुठून आणणार?"

"तुझ्या विधेयकातल्या मोठ्या मुलांच्या भत्त्यातून!"

"मला वाटलंच होतं!"

"मग तूच सांग कुठून!"

मंत्रीबाई आणि नेते टेनिसचा सामना बघावा तशी मान इकडून तिकडे फिरवत होते. शेवटी दोघं भावंडं घसा सुकून थांबली आणि बघतात तर भांडता भांडता तोडगा टेबलावर येऊन पडला होता. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी आईच्या हातात रोख भत्ता. शाळेत जाणाऱ्या सगळ्या मुलांना, गरीब श्रीमंत न बघता, शाळेतच जेवण आणि पुस्तकं. ताईला अर्धा भत्ता सोडावा लागला, टिल्लूला गरम कपडे. दोघांनाही वाईट वाटलं आणि दोघांनाही ते पटलं.

"पुस्तकं जुनीच फिरवली तर बरीच बचत होईल," मंत्रीबाई पुटपुटल्या.

"नाही," नेते म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाले की शिपाई दारातून डोकावला. "नवी. शेवटच्या पानासकट. एवढं एक कलम माझं."

दुरुस्ती लिहायला ताई आणि टिल्लू अध्यक्षांच्या टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर वाकले. एक वाक्य तिने लिहायचं, त्याने खोडायचं. त्याने लिहायचं, तिने हसायचं. शाळा सुटल्यानंतर दोघांनी एका कागदावर कधी लिहिलंच नव्हतं. टिल्लूचं अक्षर अजून तसंच गिचमिड आहे, हे बघून ताईला उगाचच भरून आलं.

सभागृह पुन्हा भरलं. मंत्रीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, मघाच्या भाषणात एक चूक झाली. ती आई खरी आहे. पण ती रडत नव्हती. ती मुकादमाच्या डोळ्यांत धूळ फेकून पुस्तक वाचत होती." सभागृहात हास्याची लाट उसळली. विरोधी पक्षनेते उभे राहिले आणि त्यांनी आपलं वाक्यही दुरुस्त करून घेतलं, की मान शरमेने नव्हे, वाचण्यासाठी खाली गेली होती. मग त्यांनी दुरुस्तीला पाठिंबा दिला, आणि जे कधी बघायला मिळत नाही ते त्या दिवशी मिळालं: दोन्हीकडचे बाक एकाच वेळी वाजू लागले. अध्यक्षांनी बाजूने असणाऱ्यांना विचारलं तेव्हा उठलेला 'होय' छताला जाऊन भिडला. विरुद्ध असणाऱ्यांना विचारलं, तर एकटा खोकला आला.

काचेमागे ताई उभी राहिली. पलीकडच्या काचेमागे टिल्लूने मान न वाकवता उडी मारली आणि डोकं आपटून घेतलं. ताईचे गाल ओले झाले होते आणि पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. झालं होतं! उद्या सकाळी ती लिफ्टवालीला 'झालं' म्हणणार होती. हे आईने बघायलाच हवं, म्हणून तिने वर गॅलरीकडे पाहिलं.

गॅलरीत पहिल्याच रांगेत दोन पांढरी डोकी एका पुस्तकावर वाकली होती. ग्रंथालयातून आणलेली जुनी वाचनमाला, पण सगळ्या पानांसकट. आईचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि ओठ थरथरत होते. मग कांजीमावशीने कपाळावर हात मारून घेतला, आणि आई हसली. असं भरभरून हसताना ताईने तिला कधी पाहिलं नव्हतं. खाली बाकांचा आवाज वाढतच होता. आईने मान वर न करता, हरकत घ्यावी तसा हात वर केला, सगळ्या सभागृहाला जरा हळू म्हणून खूण केली, आणि पान उलटलं.